परांची भाड्याने देताय? सुटे पाईप नको, पूर्ण सेट द्या



स्कॅफोल्डिंग, म्हणजे आपली परांची, भाड्याने देण्याचा धंदा बाहेरून सोपा दिसतो. माल एकदा घ्यायचा, चलन फाडायचं, दिवसावर भाडं मोजायचं. पण गिऱ्हाईक तुमच्याकडून नुसतं लोखंड नेत नाही, उंचावर उभं राहायची जागा नेतं. त्या जागेवर कुणाच्या तरी घरचा कमावता माणूस उभा राहणार असतो. म्हणून आजचा धडा एकच: सुटे पाईप देऊ नका, पूर्ण सेट द्या.

१) गिऱ्हाईक काय विसरतं?

एक उदाहरण घेऊ. बंगल्याची भिंत १० मीटर लांब, ६ मीटर उंच. बाहेरून रंगकाम आहे. कपलॉक परांचीत २ मीटरचे ५ गाळे होतात. म्हणजे उभ्या पाईपच्या ६ जोड्या, एकूण १२ पाय. एका पायाला ३ मीटरचे २ पाईप धरले, तर २४ उभे पाईप.

ठेकेदार एवढे पाईप, आडवे लेजर आणि दोन-चार फळ्या मागतो. राहतं काय, बघा:

- १२ बेस जॅक आणि मातीत पाय रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली लाकडी फळ्या
- कामाच्या मजल्यावर सलग फळ्या, मध्ये फट नको
- रेलिंग: बाहेरच्या बाजूला ५ गाळ्यांत प्रत्येकी २ आणि दोन टोकांना २-२, असे १४ आडवे पाईप
- हत्यार खाली पडू नये म्हणून कडेची उभी फळी
- तिरके आधार आणि परांची इमारतीला बांधून ठेवणारे टाय
- शिडी

कपलॉकमध्ये खालचे कप दर अर्ध्या मीटरवर असतात. मजल्यापासून अर्ध्या मीटरवर एक आणि एका मीटरवर दुसरं, असं रेलिंग आपोआप बसतं. मात्र त्यासाठी उभा पाईप मजल्याच्या वर किमान १ मीटर हवा. म्हणून या परांचीत मजला साडेचार मीटरच्या आसपास ठेवायचा. तिथून पेंटरचा हात वरपर्यंत पोचतो.

२) खरेदीला वजनकाटा न्या

परांचीच्या पाईपचा बाहेरचा व्यास साधारण ४८.३ मिलिमीटर असतो. बाहेरून सगळे सारखेच दिसतात, फरक जाडीत असतो. ३.२ मिलिमीटर जाडीचा साधा पाईप मीटरला सुमारे ३.५६ किलो भरतो, २ मिलिमीटरचा जेमतेम २.३ किलो. स्वस्त मालाचं गुपित बहुतेक वेळा इथेच असतं. वाकलेला, चिरलेला, गंजून पातळ झालेला पाईप भंगारात काढा. पुन्हा रंगवून गोडाऊनमध्ये ठेवू नका.

३) चढायची वाट

शिडी नसली की माणूस तिरक्या आधारावर पाय देऊन चढतो. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश! टेकवायच्या शिडीचा हिशोब सोपा आहे: ४ मीटर उंचीला पाया १ मीटर बाहेर, आणि शिडीचं टोक मजल्याच्या १ मीटर वर. शिडी वर बांधलेली हवी. परांची आणि शिडीच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६९६. भाग १ परांचीचा, भाग २ शिडीचा. दोन्ही वाचून ठेवा.

४) भाव कसा सांगायचा?

रेलिंगचा आणि शिडीचा वेगळा भाव लिहिलात, की गिऱ्हाईक तेच आधी कापतं. म्हणून कोटेशनमध्ये एकच आकडा द्या: "काम करायला तयार परांची, इतके दिवस, इतके रुपये." कुणी म्हणालं, "शेजारचा स्वस्त देतो," तर शांतपणे विचारा, "त्यात शिडी आणि रेलिंग आहे का?" तरीही त्याला नुसते पाईपच हवे असतील, तर ती ऑर्डर सोडा. एक अपघात झाला की एका घराचा आधार जातो. पोलीस चौकशीत माल कुणाचा, हा प्रश्नही येतोच.

५) टॅग लावा

बांधणी चालू असेपर्यंत लाल टॅग. जाणकार माणसाने तपासल्यावर हिरवा टॅग, त्यावर तारीख आणि सही. दर आठवड्याला आणि जोराच्या वाऱ्यापावसानंतर पुन्हा तपासणी. उभारणी तुम्ही करत नसाल, तर ती जबाबदारी कुणाची, हे चलनावर लिहून सही घ्या.

गृहपाठ: तुमच्या भागातलं एक रंगकाम चालू असलेलं घर बघा. वरच्या यादीतलं तिथे काय नाही, ते वहीत लिहा. जे नाही, तेच तुमच्या सेटचं वेगळेपण. ते दाखवूनच पहिलं गिऱ्हाईक मिळवा.