हरवलेल्या तुकड्याचा शोध

मनुष्याच्या शरीरात रक्त अखंड वाहत असते. त्यातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात व पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी झुंज देतात. परंतु कधी कधी या पांढऱ्या पेशीच बिघडतात आणि बेसुमार वाढू लागतात. हाच रक्ताचा कर्करोग. या भयंकर रोगाचे मूळ शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, अशा संशोधिका म्हणजे डॉ. जॅनेट राउली.

जॅनेट यांचा जन्म ५ एप्रिल १९२५ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या शिकागो विद्यापीठात दाखल झाल्या. पुढे वैद्यकशास्त्र शिकण्याचा त्यांनी निश्चय केला. परंतु त्या काळी तेथे ६५ विद्यार्थ्यांच्या वर्गात केवळ ३ स्त्रियांना प्रवेश मिळत असे, आणि त्या तिन्ही जागा भरल्या होत्या. योग्यता असूनही जॅनेट यांना नऊ महिने थांबावे लागले. तथापि त्या खचल्या नाहीत. १९४८ साली त्या डॉक्टर झाल्या.

विवाहानंतर त्यांना चार मुलगे झाले. मुलांच्या संगोपनासाठी त्यांनी अनेक वर्षे अर्धवेळच काम केले. त्यांच्या दवाखान्यात डाउन सिंड्रोम असलेली मुले येत. अशा मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र अधिक असते, असे १९५९ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. गुणसूत्रे म्हणजे पेशीतील अतिसूक्ष्म धागे. मनुष्याच्या पेशीत सामान्यतः ती ४६ असतात. शरीराच्या जडणघडणीच्या सूचना त्यांतच साठवलेल्या असतात. या शोधाने जॅनेट यांचे कुतूहल जागे झाले. १९६१ साली पतीसमवेत त्या इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे गेल्या व तेथे त्यांनी गुणसूत्रांचा अभ्यास केला. परत आल्यावर शिकागो विद्यापीठात डॉ. लिऑन जेकबसन यांनी त्यांना एक सूक्ष्मदर्शक व कामापुरती जागा मिळवून दिली. तेथे त्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पेशी तपासू लागल्या.

या रोगाच्या एका प्रकारात २२ क्रमांकाचे गुणसूत्र तोकडे असते, हे १९६० साली फिलाडेल्फिया शहरातील दोन संशोधकांना आढळले होते. त्याचा तुटलेला तुकडा नाहीसा झाला असावा, असा समज होता. शिवाय, गुणसूत्रांतील अशी मोडतोड हा रोगाचा परिणाम होय, कारण नव्हे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानीत.

पुढे गुणसूत्रे रंगवण्याची नवी पद्धत निघाली. तिच्यामुळे प्रत्येक गुणसूत्रावरील आडवे पट्टे स्पष्ट दिसू लागले. जॅनेट गुणसूत्रांची छायाचित्रे घरी आणीत, कात्रीने एकेक गुणसूत्र कापीत आणि जेवणाच्या टेबलावर त्यांच्या जोड्या लावीत. आई कागदी बाहुल्यांशी खेळत आहे, अशी मुले थट्टा करीत! १९७२ साली याच टेबलावर हरवलेल्या तुकड्याचा पत्ता लागला. तो नाहीसा झाला नव्हता. तो ९ क्रमांकाच्या गुणसूत्राला जाऊन चिकटला होता. दोन गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केली होती. त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाच्या दुसऱ्या एका प्रकारातही ८ व २१ या गुणसूत्रांत अशीच अदलाबदल झालेली त्यांना आढळली.

आरंभी अनेकांनी या शोधाकडे दुर्लक्ष केले. जॅनेट मात्र एकामागून एक रुग्णांच्या पेशी तपासतच राहिल्या. १९७७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरे उदाहरण पुढे मांडले. हळूहळू जगाला पटले की, गुणसूत्रांतील बिघाडातून कर्करोग उद्भवू शकतो. मूळ सापडल्यावर उपायाची वाट मोकळी झाली. ९ व २२ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे पेशीत एक घातक प्रथिन तयार होते. इतर शास्त्रज्ञांनी त्याला रोखणारे औषध तयार केले. २००१ साली इमॅटिनिब नावाचे ते औषध अमेरिकेत वापरात आले. एके काळी ज्यांना जगण्याची फारशी आशा नसे, असे अनेक रुग्ण त्याच्या गोळ्या घेऊन वर्षानुवर्षे आपले नित्याचे जीवन जगू लागले.

जॅनेट यांना १९९८ साली लास्कर पुरस्कार आणि २००९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक लाभले. उतारवयातही त्या सायकलवरून प्रयोगशाळेत जात. १७ डिसेंबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

भव्य प्रयोगशाळा नव्हे, तर एक सूक्ष्मदर्शक, एक कात्री आणि घरकामातून उरलेला वेळ, एवढ्याच भांडवलावर त्यांनी आरंभ केला. इतरांनी नाहीसा झाला म्हणून सोडून दिलेला तुकडा त्यांनी शोधून काढला. त्या एवढ्याशा तुकड्याने असंख्य रुग्णांना जीवनाची आशा दिली.