घाव बाहेरच्या रेसवर

कोल्हापूर, रविवार

चि. मुग्धास,


तू पाठवलेलं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मामी म्हणाली, "कुणाचं घोरणं ऐकताय?" घोरणंच आहे ते. तुझ्या ऑल्टोचं मागचं बेअरिंग घोरतंय. हे फोनवर सांगता आलं असतं, पण ग्रीसच्या हातांनी तू फोन धरणार नाहीस आणि कागद डागाळला तरी वाचता येतो, म्हणून लिहितोय.

आधी निदान. ताशी साठच्या पुढं आवाज वाढतो आणि क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी थांबत नाही, म्हणजे इंजिन सुटलं. राहिले टायर आणि बेअरिंग. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. सिमेंटवर एक, नव्या डांबरावर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. डावीकडच्या वळणावर आवाज चढतो असं तू म्हणालीस. वळताना भार बाहेरच्या बाजूला जातो, म्हणून संशय उजव्या चाकावर. पण नुसत्या संशयावर पाना लावू नकोस. गाडी उचलल्यावर एक हात चाकाजवळच्या स्प्रिंगवर ठेव आणि दुसऱ्या हातानं चाक फिरव. कानाला ऐकू येणार नाही ते बोटांना कळतं. चांगलं बेअरिंग स्प्रिंगमध्ये काहीच सांगत नाही. गेलेलं असलं तर जात्यात रवाळ पीठ दळल्यासारखी खरखर हाताला लागते. डाव्या चाकालाही तसंच करून बघ, म्हणजे तुलना होईल. मग चाक वर-खाली धरून हलव. डुगडुगत असलं तर उशीरच झालाय.

गाडी उचलण्याबद्दल मी कडक बोलणार आहे. जागा सपाट आणि पक्की हवी. तुमच्या सोसायटीचा उतार चालणार नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये. ऑल्टोची ओढ पुढच्या चाकांवर असल्यानं गिअर पुढची चाकं धरून ठेवतो. हे महत्त्वाचं, कारण ड्रम काढायला हँडब्रेक सोडावाच लागतो. जॅक फक्त उचलायला. उचलल्यावर एक्सलखाली घोडी. विटा नाहीत, सिमेंटचा ब्लॉक तर अजिबात नाही. तो फुटायच्या आधी सांगत नाही. काढलेलं चाक बॉडीखाली सरकवून ठेव. चाकाचे नट आणि जमलं तर (टोपी आणि पिन आधी काढून, खाली सांगतोय तसं) मधला मोठा नटही चाकं जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून, अर्धा आटा सैल कर.

मधली टोपी स्क्रू-ड्रायव्हरनं फिरत फिरत हलके ठोकत काढ, एकाच बाजूनं उचकलीस तर चेपते. आत नट आणि त्याला अडवणारी स्प्लिट पिन. काही गाड्यांत पिन नसते, नटाची कडच खाचेत ठोकलेली असते; ती आधी छिन्नीनं उचलायची आणि नट नवाच घालायचा. ड्रम सहजासहजी येणार नाही. जुन्या ड्रमला आतून धार आलेली असते, ब्रेकचे लायनर तिथं अडकतात. हातोड्यानं कड फोडत बसू नकोस. ॲडजस्टर सैल करून लायनर आत घे, मग ओढ. आतली काळी पूड फुंकरीनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि नव्यातली पूडसुद्धा छातीत जाण्यासारखी नसते. ओल्या फडक्यानं पुसून घे. आणि ड्रम बाहेर असताना ब्रेकच्या पेडलला कुणाचा पाय लागू देऊ नकोस, छोटा अन्वय तर गाडीजवळही नको. एकदा दाबलं की सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि बेअरिंगच्या कामाचं ब्रेकचं काम होतं.

आता खरी गोष्ट. ड्रममध्ये दोन बेअरिंगं असतात, एक एक्सलकडचं आणि एक टोपीकडचं. दोन्हींच्या बाहेरच्या रेस, म्हणजे पोलादी कडी, ड्रममध्ये दाबून बसवलेल्या, आतल्या रेस स्पिंडलवर हातानं सरकणाऱ्या. दोन रेसमध्ये छर्रे. जुनं बेअरिंग काढताना तुला पर्याय नाही: दोन्हींच्या मधला स्पेसर थोडा बाजूला सारून, पलीकडून पितळी रॉड आतल्या रेसच्या कडेला टेकवून, गोल फिरत ठोकायचं. म्हणजे घाव आतल्या रेसला बसतो, छर्ऱ्यांमधून जातो आणि मग बाहेरची रेस हलते. छर्रा रेसला टेकतो तो टिंबाएवढ्या जागेत. सगळा घाव त्या टिंबावर आला की पोलादातही खळगा पडतो. डोळ्याला दिसणार नाही, पण चाक फिरलं की प्रत्येक छर्रा त्यातून जाणार आणि महिन्याभरात घोरणं परत. म्हणून असं काढलेलं बेअरिंग हाताला कितीही गुळगुळीत लागलं तरी परत घालायचं नाही, आणि एका बाजूची दोन्ही एकदमच बदलायची.

बसवताना नेमकं उलटं. ड्रममध्ये घट्ट बसते ती बाहेरची रेस, म्हणून घाव फक्त बाहेरच्या रेसवर. त्याच मापाची रिंग किंवा सॉकेट टेकवायचं, आतल्या रेसला स्पर्श नको. घट्ट बसणाऱ्या रेसवर जोर द्यायचा, एवढं डोक्यात राहिलं तर कुठल्याही मशीनचं बेअरिंग बदलशील. आमच्याकडच्या मोटार रिवाइंडिंगवाल्यांचं याच्या उलट असतं. तिथं आतली रेस शाफ्टवर घट्ट, म्हणून पाइप आतल्या रेसवर.

थोडी मदत थंडीची घे. बेअरिंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव (आईला आधी सांग, नाहीतर मटारांबरोबर बाहेर येईल) आणि ड्रम उन्हात तापव. पोलाद एका अंशाला लांबीच्या दहा लाखांत साधारण बारा भाग आखडतं. पन्नास मिलिमीटरचं बेअरिंग पंचेचाळीस अंशांनी थंड झालं तर ०.०३ मिलिमीटरच्या आसपास कमी होतं. ऐकायला काहीच नाही, पण दाबून बसवायच्या कामात ड्रम आणि रेस यांच्यातलं भांडणही तेवढ्याचंच असतं. बाहेर काढलं की दव धरतं, म्हणून लगेच बसव. सरळ जातंय ना बघ. तिरकं गेलं तर जोर न करता काढ आणि पुन्हा लाव. शेवटच्या टोकाला पोचलं की हातोड्याचा आवाज बदलतो, बोदा होता तो ठणठणीत येतो. तिथं थांब.

आणि स्पेसर. दोन बेअरिंगांच्या मधली ही साधी नळी. १९८९ साली मी उद्यमनगरात एका गॅरेजात शिकत होतो. मारुती ८०० चं मागचं काम मला पहिल्यांदा एकट्याला दिलं. दुपारी जेवून आलो, दुसरं बेअरिंग ठोकलं, ड्रम चढवला, नट आवळला. चाक फिरेना. मला वाटलं नवं आहे, रुळेल. मिस्त्री काही बोलले नाहीत, रॉकेलच्या ट्रेमध्ये हात घालून स्पेसर काढला आणि माझ्या ताटलीतल्या भाकरीवर ठेवला. नट आवळल्यावर दोन आतल्या रेस आणि मधला स्पेसर यांचा एक खांब होतो आणि सगळा दाब तो खांब घेतो. खांबच नसला तर दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडं ओढल्या जातात आणि छर्रे चिमटतात. दोन्ही बेअरिंगं माझ्या पगारातून गेली. म्हणून क्रम मोठ्यानं म्हण: बेअरिंग, ग्रीस, स्पेसर, बेअरिंग. स्पेसर ट्रेमध्ये ठेवूच नकोस, खिशात ठेव.

ग्रीस व्हील बेअरिंगचंच घे. मधल्या पोकळीत अर्ध्याहून कमी. पोळीला तूप लावायचा हात इथं नको. जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं आणि वाट काढत लायनरवर येतं.

खरेदीला नाना पेठेत जाशील. डबा बघू नकोस, डबा छापणं सोपं असतं. पावती देणाऱ्या दुकानातून घे. रेसवर कोरलेला नंबर जुन्याशी ताडून बघ. नंबर वाचायला शिकलीस तर दुकानदारही जरा सरळ बोलतो. ६२०५ मधले शेवटचे दोन आकडे पाचानं गुण, २५ मिलिमीटर. तो आतला व्यास. ०४ आणि त्यापुढच्या आकड्यांना हा हिशेब लागू. ०३ असेल तर १७, ०२ ला १५. पुढं ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या, ‘टूआरएस’ म्हणजे रबरी.

नट आवळताना अंदाज चालणार नाही. तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा घे आणि टॉर्क पाना कुणाकडून तरी माग. शंभर न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब पाइपाच्या टोकाला साधारण दहा किलो टांगल्याएवढा जोर. यावरून किती लागतो त्याची कल्पना येईल. स्प्लिट पिन नवी. जुनी सरळ करून घातलेली मला कळली तर मी पुण्याला येईन.

आणि ठोकणं जमणारच नाही असं वाटलं तर ड्रम आणि नवी बेअरिंगं पिशवीत घालून एखाद्या लेथवाल्याकडं जा. हायड्रॉलिक प्रेसवर पाच मिनिटांचं काम आहे. त्यात कमीपणा नाही. मीही पन्नाशीनंतर तेच करतोय. फक्त समोर उभी राहा आणि प्रेसखाली तो रिंग कुठल्या रेसवर ठेवतो ते बघ. विचारल्यावर चिडला तर दुसरीकडं जा.

सगळं बसल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा दाब, हँडब्रेक जुळव. दहा-पंधरा किलोमीटर फार ब्रेक न मारता जाऊन ये आणि दोन्ही मागच्या चाकांच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू ने. डावं कोमट आणि उजवं चटका देणारं असलं तर काहीतरी चिमटलंय, पुढं चालवू नकोस. दुसऱ्या दिवशी चाकाचे नट पुन्हा आवळून बघ.

ऑल्टोच्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस मी ग्राइंडरवर किंचित घासून ठेवलीय, म्हणजे ड्रममध्ये ती सैल जाते. ठोकायला तीच टेकव. मंगळवारच्या एसटीनं पार्सल पाठवतोय. मामीनं त्यात भडंग घातलंय. रेस वेगळ्या पिशवीत आहे, मी स्वतः बघितलंय.

तुझा,
मामा