निरोपही नीट द्यावा लागतो

आमचा कुत्रा मोती गेला तेव्हा आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावात बहुतेकांनी एकच समजूत घातली, "सुणोच न्हय तो? दुसरो हाड." (कुत्राच ना तो? दुसरा आण.) बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण आम्हाला रडायचीही चोरी झाली. माणूस गेलं की दहावं-बारावं असतं, लोक येऊन बसतात. मुक्या जनावरामागे तसं काहीच नसतं, मग दुःख आतल्या आत कुढत राहतं.

सासऱ्यांचं तसंच झालं. रोज पहाटे मोतीला घेऊन देवळापर्यंत जाणारे ते, उंबऱ्याबाहेर पडेनासे झाले. जेवताना सवयीने भाकरीचा तुकडा बाजूला काढायचे आणि तसेच बसून राहायचे. धाकट्याला वडीलधाऱ्यांनी सांगून टाकलं, "मोती डिचोलीला मावशीकडे गेलाय." सुट्टीत डिचोलीला गेल्यावर त्याने मावशीचं परसू पालथं घातलं. खरं कळल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे मला त्याला शेवटचं बघायलाच दिलं नाहीत?" त्याला द्यायला कोणापाशीच उत्तर नव्हतं.

म्हणून सांगते, मुलांना खरं सांगा आणि त्याच दिवशी सांगा. "मोती मेला, तो आता परत येणार नाही," इतक्या सरळ शब्दांत. 'झोपला' म्हणू नका, लहान मूल झोपेलाच घाबरतं. मुलाची तयारी असेल तर त्याला शेवटचा हात फिरवू द्या, फूल वाहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडेही लक्ष ठेवा. जनावराबरोबर त्यांचा दिवसाचा क्रमही जातो. पहाटेची फेरी त्यांच्यासोबत आपण सुरू ठेवावी.

पुरायचं असेल तर जागा विचार करून निवडा. आपल्याकडे पावसाळ्यात खड्ड्यात बघता बघता पाणी भरतं, तेव्हा विहीर आणि ओहोळापासून दूर, उंचवट्याची जागा बघा. खड्डा किमान तीन-चार फूट खोल हवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, जुनी सुती चादर पुरे. वर माती दाबून चिरे रचा, म्हणजे कोल्हे-कुत्रे उकरणार नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन वेदनेतून सोडवलं असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. ते औषध शरीरात राहतं आणि मांस खाणाऱ्या जनावराचा जीव घेऊ शकतं.

जनावर अचानक पिसाळल्यासारखं वागून मेलं असेल तर उघड्या हातांनी शिवू नका. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कोणाला चावा बसला असेल किंवा लाळ जखमेला लागली असेल तर जागा साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच लस घ्यायला जा. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला खरा, पण पेडण्याला महाराष्ट्रातला सावंतवाडी आणि डिचोलीला दोडामार्ग तालुका खेटून आहे. कुत्र्याला सीमा कळत नाही.

घरोघरी छळणारी दुसरी गोष्ट म्हणजे 'अजून काही करता आलं असतं का' हा प्रश्न. मोती गोचीडतापाने गेला. त्यात सुरुवातीला जनावर नुसतं मलूल होतं, जेवण कमी करतं. उकाड्याने असेल असं कोणालाही वाटेल, असं डॉक्टरांनीच समजावलं. तुमच्या डॉक्टरांशीही एकदा नीट बोला, मनातला प्रश्न विचारून टाका. आणि ज्यांची जनावरं आज अंगणात आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघावी. हिरड्या फिकट दिसल्या, नाकातून रक्त आलं तर वाट बघू नये. वेळेत औषध मिळालं तर हा ताप बहुधा बरा होतो.

आठवण जपायला संकोच कसला? साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आजही आहे. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी कुत्रे असतात आणि साखळीच्या दत्तवाडीत आपण भक्तिभावाने हात जोडतो. आम्ही मोतीच्या जागेवर अनंताचं रोप लावलं. कुत्र्यांना रेबीजची लस टोचणारे 'मिशन रेबीज'चे लोक जाळी घेऊन गावात येतात तेव्हा धाकटा त्यांना भटकी कुत्री कुठे बसतात ते दुरून दाखवतो. लस टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाची खूण करतात, ती खूण मोजत तो घरी येतो. मोतीच्या नावाने हे होतंय, असं त्याला मनापासून वाटतं.

नवं पिल्लू आणायची घाई मात्र करू नका. घरातल्या सगळ्यांना आपणहून वाटेल तेव्हाच आणा, आणि त्याला त्याचं स्वतःचं नाव द्या. शेजारी कोणाचं जनावर गेल्याचं कळलं तर जाऊन दोन घटका बसा. त्याचं नाव घेऊन विचारा, कुठे निजायचा, काय आवडीने खायचा. बोलायला लागलं की माणूस मोकळं होतं.