खचल्या मनास नित्यनेम

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे खानदेशच्या वारकऱ्यास सांगावयास नको. पण त्या गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे, हे आपण विसरतो. अर्जुनासारख्या वीराचे हात गळाले, तोंड कोरडे पडले. तो जवळजवळ सगळा अध्याय भगवंत नुसते ऐकून घेतात. आपल्याकडे मात्र घरात कोणी गप्प बसू लागला की आम्ही लगेच म्हणतो, "नाम घे, म्हणजे बरे वाटेल."

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, झोप उडालेली, अन्न गोड लागत नाही, "आपण घराला भार झालो" असे वाटते. हा आजार होय. भक्ती कमी पडली म्हणून तो होत नाही.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना ऐन तिशीत वैधव्य आले, पदरात मुले. अक्षरओळख नव्हती. जाते, चूल आणि शेत सुटले नाही, आणि त्या कामातच ओवी होत गेली. दुःख सरल्यावर त्या कामाला लागल्या असे नव्हे. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. खचलेला माणूस म्हणतो, "उमेद आली की उठेन." उमेद आधी येत नाही; हात हलले की मागून येते. म्हणून काम लहान धरावे. अंगण झाडणे, गुरांना पाणी, तुळशीला तांब्याभर पाणी, एवढेच.

उठण्याची वेळ रोज एकच असावी, काकड्याची धरली तरी चालेल. कोवळ्या उन्हात अर्धा तास चालावे. कोथळीहून मुक्ताबाईंची पालखी महिन्याहून अधिक काळ चालते, तेव्हा अर्धा तास म्हणजे फार नव्हे! वैशाखात आपल्याकडचे ऊन जाळते, तेव्हा पहाटेच निघावे. भजनाला जाऊन मागे बसले, तोंड उघडले नाही तरी चालते. चार माणसांत बसणे हेच औषध. रात्रभर जागर मात्र अशा माणसाने करू नये, झोप मोडली की मन आणखी ढासळते. एकादशी धरायची तर डॉक्टरांना विचारून, आणि उपवासाच्या दिवशी गोळी चुकवू नये. दारू घटकाभर विसर पाडते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट वसूल करते.

एवढ्याने उतार पडला नाही तर उपचार घ्यावेत. धुळे व जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने ती सोडू नये. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, आणि मराठीतही बोलता येते.

कापूस बुडाला, कर्ज डोक्यावर, आणि भाऊ म्हणू लागला की "मी नसलो तर बरे", तर त्याला सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जावे. आणि फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात ठेवावे, किल्ली शेजाऱ्याकडे.