नारळ फोडणाऱ्याने खो दिला नव्हता

परभणी

चि. अनिकेत,


कॉलेजच्या क्रीडा विभागाने प्रसिद्धीचं काम तुझ्याकडे दिल्याचं ताईने फोनवर सांगितलं. तू पाठवलेली खो-खोची बातमीही वाचली. अध्यक्ष, प्राचार्य, प्रमुख पाहुणे, शाल, श्रीफळ यांतच सात ओळी गेल्या. आठवीत 'दणदणीत विजय'. किती गुणांनी? किती मिनिटं राखून? कोण किती वेळ नाबाद राहिली? अरे, नारळ फोडणाऱ्याने खो दिला नव्हता.

वि. वि. करमरकरांचं नाव तुमच्या पिढीच्या कानावर नसेल. 1962 साली महाराष्ट्र टाइम्स सुरू झाला आणि त्यांनी तिथे खेळाचं पान उभं केलं. तोवर मराठी पेपरात खेळ म्हणजे कोपऱ्यात उरलेल्या जागेचा मजकूर. त्यांनी क्रिकेटच्या बरोबरीने कबड्डी, खो-खो, कुस्तीला जागा दिली आणि संघटनांच्या कारभारावरही लिहिलं. 2023 च्या मार्चमध्ये ते गेले. मुंबईचा माणूस, मुंबईचा पेपर. आपल्याला काय, असं म्हणू नकोस. खेळाची बातमी खेळातूनच सुरू करायची, हे मी ते पान वाचूनच शिकलो.

तरी चुकलो. तेव्हा पेपरला द्यायच्या बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देऊन औरंगाबादला धाडायचो. एकदा गुणपत्रक न पाहता, आठवणीवर लिहिलं. कबड्डीत शेवटच्या चढाईत लोण चढवला एका मुलीने, मी नाव घातलं दुसरीचं. चार दिवसांनी लोण चढवणाऱ्या मुलीचे वडील जिंतूरकडच्या खेड्यातून आले. खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं, टेबलावर पसरलं, नावावर बोट ठेवलं. भांडले नाहीत. "सर, गावात वाचून दाखवलं हो मी," एवढंच बोलले. पुढे खुलासा छापून आला, पण तो कोण वाचतो?

म्हणून सामना संपला की आधी गुणलेखकाच्या टेबलाशी जा. पत्रक उतरवून घे. नावं खेळाडूंना विचारून लिही. शिंदे की शेंडे, हे पंचाला माहीत नसतं. 'सोनालीने 2 मिनिटं 40 सेकंद संरक्षण करून 3 गडी टिपले' असं लिहिलंस की विशेषणाची गरज उरत नाही. हरलेल्या संघातलं कोणी चांगलं खेळलं असेल तर तेही नाव घे, मग ते कॉलेज सेलूचं असो की पूर्णेचं. आपल्या प्राचार्यांना ते रुचणार नाही, एवढं सोसायची तयारी ठेव.

बातमीचा उपयोग काय, म्हणशील. राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. तिथे कात्रण चालत नाही, पडताळलेलं प्रमाणपत्र लागतं. पण पोरगी कशी पळाली, हे प्रमाणपत्रावर नसतं.

तीच खो-खोची बातमी पुन्हा लिहून पाठव, सोबत गुणपत्रकाचा फोटो. ताईला म्हणावं, शेंगा पोचल्या, पिशवी पुढच्या खेपेला देतो.

तुझा,
मामा