आधुनिक गृहसजावट आणि मुलांचा अभ्यासाचा कोपरा



यंदा चौथीच्या वर्गाला मी 'माझे घर' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. बहुतेकांनी नेहमीसारखंच लिहिलं. घरात किती माणसं, किती खोल्या, दारात तुळस आहे वगैरे. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, "आमच्या घराचं नवीन इंटिरिअर झालं आहे. घर खूप छान दिसतं. मी अभ्यास पलंगावर करते, कारण हॉलमध्ये पसारा केलेला चालत नाही."

तिचं अक्षर गेल्या काही महिन्यांत बिघडलं होतं. ते का, हे मला त्या ओळीनं कळलं.

पुढच्या गृहभेटीत मी तिच्याकडे गेले. घर खरंच छान सजवलं होतं. पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे, भिंतभर टीव्ही युनिट, काचेचा टीपॉय, फिकट रंगाचा सोफा. तिची आई कौतुकानं दाखवत होती. "मॅडम, दोन वर्षं पैसे साठवून केलंय बघा सगळं." मी मनापासून छान म्हटलं आणि सहज विचारलं, "हिचं दप्तर कुठे ठेवता?" आई जरा थांबली. मग म्हणाली, "ते होय... पलंगाखाली सरकवते ती."

यात मी त्या आईला दोष देत नाही, कारण माझ्या घरीही हेच झालं होतं. आम्ही फ्लॅटचं काम केलं तेव्हा मुलाच्या पुस्तकांचा बुटका लाकडी रॅक काढून टाकला आणि छतापर्यंत जाणारं काचेचं शोकेस केलं. त्याची गोष्टींची पुस्तकं सगळ्यात वरच्या कप्प्यात गेली. दिसायला सुंदर! पण त्याचा हात तिथे पोहोचायचा नाही. आधी तो "आई, पुस्तक काढून दे" म्हणायचा. हळूहळू त्यानं मागणंच सोडलं. हे माझ्या लक्षात यायला चार-पाच महिने लागले. वर्गात वाचनकोपरा करणारी मी, घरातला वाचनकोपरा मीच मोडला होता.

म्हणून आज आधुनिक गृहसजावट हा विषय घेऊया. ही शैली मुळात काय आहे, आणि तिच्यात मुलाची जागा कशी राखायची, असे दोन भाग करूया.

आधुनिक शैली म्हणजे नक्की काय?

आपण 'मॉडर्न' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर चकचकीत आणि महाग असं काहीतरी येतं. पण या शैलीची सुरुवात वेगळ्याच विचारानं झाली. १९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिअस या वास्तुविशारदानं जर्मनीतल्या वायमार शहरात 'बाउहाउस' नावाची शाळा सुरू केली. चित्रकार, सुतार, विणकर, लोहार यांनी एकत्र शिकावं, आणि रोजच्या वापरातल्या वस्तू साध्या, टिकाऊ व कारखान्यात बनवता येतील अशा असाव्यात, हा तिथला विचार होता. पुढे नाझी राजवटीच्या दबावाखाली १९३३ मध्ये ही शाळा बंद पडली. शाळा जेमतेम चौदा वर्षं चालली, पण तिचा विचार जगभर गेला.

याच शाळेतल्या मार्सेल ब्रॉयर यानं १९२५ च्या सुमारास वाकवलेल्या स्टीलच्या नळीची खुर्ची बनवली. ही कल्पना त्याला सायकलच्या हँडलवरून सुचली असं सांगतात. आपल्या वर्गातले वाकवलेल्या पाइपचे बेंच आठवा. त्याच विचाराचे ते दूरचे नातेवाईक आहेत.

दुसरं उदाहरण मॉड्युलर किचनचं. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या महिला वास्तुविशारदानं फ्रँकफर्ट शहरातल्या कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे अगदी छोटं होतं. स्वयंपाक करताना बाई किती पावलं चालते, कशासाठी वाकते, कुठे हात लांबवते, याचा तिनं विचार केला आणि त्याप्रमाणे ओटा, कप्पे, डबे यांच्या जागा ठरवल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणायला हरकत नाही.

या दोन्ही उदाहरणांत आधी वापरणाऱ्या माणसाचा विचार आहे. रूप त्यातून आलेलं आहे. सरळ रेषा, कमी नक्षी, मोजकं सामान, भरपूर उजेड, मोकळी जमीन ही आधुनिक शैलीची लक्षणं खरी, पण ती वापर सोपा व्हावा म्हणून आली. आपण फोटो पाहून रूप उचलतो आणि वापर विसरतो. तिथे गडबड होते.

आपल्या घरांत हे नव्हतं का?

होतं की! जुन्या वाड्यातला कोनाडा म्हणजे भिंतीतच बसवलेला कप्पा. जमीन अडत नाही, कोपरा लागत नाही. भिंतीतलं फडताळ, खुंट्या, जेवण झालं की भिंतीला टेकवून ठेवायचे पाट, सकाळी गुंडाळून ठेवायची अंथरुणं... एकच खोली सकाळी जेवणाची, दुपारी अभ्यासाची, रात्री झोपायची. आज ज्याला आपण 'मल्टिपर्पज फर्निचर' म्हणतो, ते आपल्या आजीला सांगायची गरज नव्हती. चाळीतल्या एका खोलीत तर याशिवाय चालणारच नव्हतं.

म्हणजे जुनं सगळंच चांगलं होतं असं नाही. माजघरात दिवसाही अंधार असायचा, आणि बायका धुरात स्वयंपाक करायच्या. मोठ्या खिडक्या, हवेशीर स्वयंपाकघर, पुसायला सोपी फरशी हे आधुनिक घरानं दिलेलं आहे. ते घ्यायचंच. फक्त कोनाडा आणि पाट यांमागची अक्कलही सोबत ठेवायची.

मुलाच्या मापाचं घर

१९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममधल्या गरीब वस्तीत 'बालगृह' सुरू केलं. तिथे मुलांना उचलता येतील अशा छोट्या खुर्च्या आणि हात पोहोचेल अशी बुटकी कपाटं होती. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हा विचार रुजवला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी इथे ग्रामीण आणि आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं तयार केली. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलाच्या मापाचं करायला श्रीमंती लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता आपल्या घरापुरतं पाहू.

१) टेबल-खुर्ची : मोठ्यांचं टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं आणि खुर्चीची बैठक ४५ सेंमी. १२० ते १४० सेंमी उंचीच्या, म्हणजे साधारण तिसरी ते पाचवीच्या मुलाला, बैठक ३५ सेंमी आणि टेबल ६० सेंमीच्या आसपास लागतं. म्हणजे मोठ्यांच्या टेबलावर त्याचे खांदे वर चढतात आणि पाय लोंबकळतात. पंधरा-वीस मिनिटांत मूल चुळबुळ करायला लागतं आणि आपण म्हणतो, "एका जागी बसत नाही." नवीन टेबल घ्यायलाच हवं असं नाही. खुर्चीवर ५-६ सेंमी जाडीची घट्ट उशी ठेवा आणि पायांखाली १५ सेंमी उंचीचा ठोकळा किंवा मजबूत खोकं द्या. कोपर टेबलाच्या पातळीत आणि पाऊल टेकलेलं, एवढं जमलं की झालं. खाली मांडी घालून बैठ्या डेस्कवर लिहिणंही उत्तम. पलंगावर पालथं पडून लिहिणं मात्र टाळा. अक्षर आणि पाठ दोन्ही बिघडतात.

२) उजेड : छतात लपवलेले दिवे वातावरणासाठी छान, पण वहीवर त्यांचा उजेड पुरत नाही. अभ्यासाच्या जागी वेगळा दिवा हवा. उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाला तो डावीकडून, डावखुऱ्याला उजवीकडून, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मध्यम आणि ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. बेडरूमला पिवळसर आणि अभ्यासाला ४००० च्या आसपासचा बरा.

३) पुस्तकं : मुलाच्या खांद्याच्या खालीच ठेवा. दाराशिवायचा एक कप्पा पुरे. हाताला लागेल तेच मूल वाचतं, हे मी किंमत मोजून शिकले.

४) भिंत : फिकट रंग उजेड परतवतो, म्हणून लहान खोलीत तो योग्य. पण एक भिंत, निदान चार फूट बाय तीन फूट तुकडा, मुलाचा असू द्या. तिथे चित्रं चिकटतील, पाढे लागतील, उंचीच्या खुणा होतील. फळ्याचा रंगही लावता येतो.

५) सुरक्षितता : काचेच्या टीपॉयचे कोपरे मुलाच्या कपाळाच्या उंचीवर येतात. उंच कपाट भिंतीला स्क्रूनं बांधून घ्या, कारण मुलं त्यावर चढतात. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा २०१६ चा सरकारी नियम आहे. डबा घेताना त्यावरची नोंद वाचा. जुना रंग घासताना मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवा. नव्या प्लायवूडचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो, तेव्हा ग्रेड विचारून घ्या आणि काम झाल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

वर्गातला उपक्रम : चौकटीच्या कागदावर खोली

क्षेत्रफळाच्या पाठाला जोडून मी हा उपक्रम घेतला. एक चौकट म्हणजे एक चौरस फूट.

दहा बाय बाराची खोली आखा. चौकटी १२०. आता पुठ्ठ्याचं सामान त्याच मापानं कापा. डबल बेड ५ × ६½, म्हणजे ३२½ चौकटी. कपाट ६ × २, म्हणजे १२. टेबल ३ × २, म्हणजे ६. बेरीज ५०½. उरल्या ६९½. मुलं खूश, "बाई, खूप जागा उरली!"

मग मी विचारते, "दार उघडायला जागा नको?" तीन फुटांच्या दाराला ३ × ३, म्हणजे ९ चौकटी. कपाटाच्या दारांना समोर दोन फूट, म्हणजे आणखी १२. उरल्या ४८½. आता त्यात चालायचं, बसायचं, खेळायचं. एका मुलानं विचारलं, "बाई, कपाटाचं दार सरकतं केलं तर?" बारा चौकटी लगेच परत मिळाल्या. सरकत्या दाराचा उपयोग मला सांगावाच लागला नाही.

शेवटी प्रत्येकानं आपल्या घरातली जागा मोजून स्वतःसाठी सहा चौकटी शोधायच्या. सहा चौरस फूट, बस्स. काहींना खिडकीखाली सापडल्या, एकाला जिन्याखाली, एकीला देवघराशेजारी. एका खोलीत राहणाऱ्या मुलांनी "संध्याकाळी सहा ते सात, आईचा ओटा रिकामा असतो तेव्हा" असं लिहिलं. मी तेही बरोबर धरलं. जागा ठरावीक वेळेपुरती मिळाली तरी ती जागाच आहे. (घर नोंदवताना कुणाचं लहान, कुणाचं मोठं अशी तुलना होऊ देऊ नका. कागद वर्गात लावण्याऐवजी मुलांना घरी नेऊ द्या.)

सुताराला बोलावण्यापूर्वी पालकांनी विचारायचे चार प्रश्न

- मूल दप्तर कुठे ठेवेल?
- ते कुठे बसून लिहील, आणि तेव्हा टीव्ही कुठे असेल?
- त्याला स्वतःच्या हातानं काय काय काढता-ठेवता येईल?
- कोणती जागा पसरली तरी आपण रागावणार नाही?

या चारांची उत्तरं आराखड्यात दिसली, की मग खुशाल पीओपी करा, सोफा घ्या. घर सुंदर असावं, त्यात गैर काही नाही. सुंदर घरात मूलही नीटनेटकेपणा शिकतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. तिनं चौकटीचा कागद घरी नेला. तिच्या वडिलांनी कामातून उरलेली प्लायची फळी बिजागरीनं बेडरूमच्या भिंतीला लावली. अभ्यासाला खाली पाडायची, झाल्यावर वर उचलायची. फळीच्या खाली दप्तराला एक खुंटी. सात ते आठ टीव्ही बंद, असंही ठरलं. आई परवा भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, पाहुणे आले की आधी ती फळीच दाखवते."

अक्षर अजून पूर्ण सुधारलेलं नाही. पण वही आता चुरगळलेली येत नाही.

माझ्या घरचं शोकेस अजून तसंच आहे. फक्त त्यातल्या बाहुल्या वर गेल्या आणि पुस्तकं खाली आली.

तुम्हीही आज घरी गेल्यावर मुलाच्या उंचीवर बसून एकदा आपलं घर पाहा. काय दिसतं, कुठवर हात पोहोचतो, ते लिहून काढा. सजावटीची सुरुवात तिथून करूया.