झोप लागेल त्या स्पीडची हवा

मुक्ता, तुझा फोन ठेवला तशी काकू म्हणाली, “प्युरिफायरची चार मॉडेलं सांगा तिला आणि मोकळे व्हा.” पण मॉडेलं दर दिवाळीला बदलतात. मी औषधांच्या कारखान्यात एकतीस वर्षं एएचयू सांभाळले. एएचयू म्हणजे क्लीनरूममध्ये गाळलेली हवा ढकलणारी ती धुडं. त्यातून जे हाताला लागलं तेवढं सांगतो.

आमच्याकडे फिल्टरची ठरावीक काळाने परीक्षा व्हायची. फिल्टरच्या मागच्या बाजूने तेलाचा बारीक धूर सोडायचा आणि पुढच्या बाजूने हातात मीटरची नळी धरून त्याचा इंच न् इंच हुंगायचा. नवा होतो तेव्हा वाटायचं, गळती कागदात सापडणार. कागद क्वचितच फाटलेला असे. काटा हलायचा तो कडेला, जिथे गॅस्केट नीट दबलेलं नसे. हवा आळशी असते गं. कागदातून घुसायचे कष्ट तिला नको असतात, बाजूला केसभर फट मिळाली की ती तिथून सटकते.

म्हणून दुकानात गेलीस की आधी मशीनचं झाकण उघडायला सांग. फिल्टर काढ, परत बसव, बोटाने हलवून बघ. खुळखुळला तर पुढे बोलूच नकोस. घरी आणल्यावर महिन्याभराने फिल्टरची आतली, म्हणजे पंख्याकडची बाजू बघ. तिथे कडेने काळपट रेघ उमटली असेल तर हवा चोरवाटेने जाते आहे. मग कंपनीला बोलाव आणि रेघेचा फोटो दाखव.

दुकानदार ‘हेपा, हेपा’ करेल. खोक्यावर एच १३ किंवा ९९.९५ टक्के असं काहीतरी नेमकं छापलेलं हवं. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ असले शब्द दिसले तर खोकं खाली ठेव. या कागदाची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणावर घेतात, कारण तोच पकडायला सगळ्यांत अवघड. त्याहून मोठे कण धाग्यांवर आपटून अडकतात आणि त्याहून लहान इतके सैरभैर नाचतात की कुठल्यातरी धाग्याला जाऊन चिकटतातच. सापडत नाही तो मधला. पण एच १३ घेऊ की एच १४, या वादात पडू नकोस. घरात तीच हवा पुन्हा पुन्हा गाळली जाते, तेव्हा खरा हिशेब आहे तो मशीन किती हवा गाळून देतं याचा.

त्या आकड्याला सीएडीआर म्हणतात. तुझी बेडरूम १० बाय १२, उंची १० फूट धर. झाले १२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा ही सगळी हवा गाळली जायला हवी, म्हणजे सीएडीआर तासाला १७० घनमीटर हवा. इथवर कुठलाही सेल्समन सांगेल. तो हे सांगत नाही की छापलेला आकडा पंख्याच्या सगळ्यांत वरच्या स्पीडचा असतो. त्या स्पीडला बाळ झोपेल का? तूच रात्री दहा वाजता उठून तो कमी करशील, आणि मग १७० चे साठ-सत्तर उरतील. आमच्या एका शेजाऱ्यांचं मशीन वर्षभर रात्री ‘स्लीप मोड’वर होतं. त्यावर एक हिरवा दिवा लागायचा, एवढाच त्याचा उपयोग.

तेव्हा तुझ्या खोलीला ३०० ते ३५० चं घे आणि मधल्या स्पीडला चालव. ज्या स्पीडला झोप लागते त्या स्पीडची हवा विकत घ्यायची. दुकानात ते मधल्या स्पीडवर लाव, शेजारी उभं राहून फोनवर बोलून बघ. आणि ‘५०० चौरस फूट कव्हरेज’कडे बघूच नको. तासाला किती वेळा हवा गाळून ते क्षेत्रफळ काढलंय, हे खोक्यावर सहसा सापडत नाही.

किंमत विचारताना आधी फिल्टरची विचार, मग मशीनची. मुंबईच्या हवेत सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागणार. त्या कंपनीचा फिल्टर पाच वर्षांनी मिळेल का, हेही विचार. विजेची काळजी नको. ४० वॅटचं मशीन रोज दहा तास चाललं तरी महिन्याला बाराएक युनिटं.

आयोनायझरचं बटण असेल तर ते बंदच ठेव. काही आयोनायझर ओझोन सोडतात आणि ओझोन फुप्फुसांना झोंबतो. तो ‘पावसाळी ताजा’ वास येतो ना, तो ताजेपणा नव्हे. ॲप आणि यूव्ही दिव्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नकोस. कार्बनची जाळी असते, ती वासासाठी. मूठभर काळे दाणे थोड्याच दिवसांत भरून जातात, नव्या रंगाचा वास त्याने जात नाही. मनीप्लँट लाव, छान दिसतो. १९८९ च्या नासाच्या अहवालाचा दाखला देत कुणी मशीनऐवजी झाडं लाव म्हणालं, तर ते प्रयोग हवाबंद पेटीतले होते एवढं ध्यानात ठेव.

आता शेजारच्या रिडेव्हलपमेंटचं. पत्रे लावले, ताडपत्री लावली, तरी चौदाव्या मजल्यावर सिमेंट येतं म्हणालीस. ती जाड धूळ मशीनपर्यंत पोचायच्या आधीच खाली बसते. तिच्यासाठी ओलं फडकं. कोरडा झाडू बंद, आधी ओल्या पोछ्याने लादी पुसायला सांग. प्युरिफायरचं काम पीएम २.५ चं, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अगदी बारीक कणांचं. आपल्या सरकारची त्याची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. हिवाळ्यात सकाळी ॲपवर काय आकडा येतो तो बघ, म्हणजे कळेल.

पण हवा वाईट म्हणून खिडक्या चोवीस तास बंद नको. चारजण बंद खोलीत झोपलात तर तुमच्याच श्वासाने डोकं जड होईल, त्यावर हे मशीन काही करत नाही. हिवाळ्यात धूर सकाळ-संध्याकाळ खाली साचतो. दुपारी दोन ते चार समुद्रावरचा वारा सुटला की घर उघड.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐक. बाथरूममधला गॅस गिझर. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हेपातून आरपार जातो. प्युरिफायर आणला म्हणून बाथरूमची खिडकी बुजवायची नाही. खरं तर तो गिझर काढूनच टाक.

घरातला धूरही बघ. मच्छर कॉइल आजपासून बंद. २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके निघाले होते. मच्छरदाणी आण. सासूबाईंना धूप बंद करा म्हणू नकोस, तो तुळशीपाशी गॅलरीत फिरवा म्हण. मोहरी-हिंगाची फोडणी द्यायच्या आधी बेडरूमचं दार ओढून घे आणि एक्झॉस्ट लाव, नाहीतर तेलाची वाफ फिल्टरवर बसते.

मशीन कोपऱ्यात, पडद्यामागे कोंबू नकोस. भिंतीपासून हातभर दूर आणि पलंगाच्या जवळ ठेव. पुढची जाळी पंधरा दिवसांनी साफ कर. पावसाने हवा धुतली की मशीन बंद करायला हरकत नाही, पण फिल्टर कोरडा असतानाच पिशवीत बांधून ठेव, ओल लागली तर बुरशीचा वास येतो.

हो, पिशवीवरून आठवलं. नवा फिल्टर मशीनच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला येतो. आधी ते काढ. हसू नकोस, एकतीस वर्षांच्या अनुभवानंतर मी आमचं मशीन अकरा दिवस तसंच चालवलं होतं. “आवाज वेगळा येतोय,” हे काकूच्या लक्षात आलं.

आणि हेपा धुवायचा नाही, गॅलरीत आपटून झाडायचाही नाही. काकूने आमचा एकदा साबणाच्या पाण्यात भिजवला, मऊ ब्रशने घासला आणि दोरीवर वाळत घातला. पांढराशुभ्र दिसत होता. मी तो उजेडाकडे धरला, तर घड्यांच्या टोकांना चाळणीसारखी भोकं. मशीनमध्ये बसवला तेव्हा इतकी मोकळी, झुळझुळ हवा आली म्हणतेस! काकू अजून म्हणते, त्या दिवसाइतकं ते मशीन पुन्हा कधी चांगलं चाललं नाही.